लाखेची बाटली आणि गोदीचा आरसा

गणपत,

तुझ्या घरी समाचाराला आलेला जो तो माझ्या खांद्यावर हात ठेवून एकच सांगत होता, "मिस्त्री, झालं गेलं. आता तरी तो वाद सोडा." जसा काही वादही तुझ्याबरोबर सरणावर ठेवायचा होता. मी कुणाला उत्तर दिलं नाही. तुला देतो. मी वाद सोडलेला नाही. माणूस मेला म्हणून त्याचं म्हणणं बरोबर ठरत नाही. जिवंतपणी चुकत होतास, तसा आताही चुकतोयस.

आणि दुसरं ऐक. गोदीशी तुझं लग्न लागलं तेव्हा आमच्या घरचे म्हणाले, आता तो बहिणीचा नवरा, त्याला अहोजाहो कर. ज्याच्याबरोबर एका उस्तादाच्या शिव्या खाल्ल्या, एका डब्यातली भाकरी खाल्ली, त्याला अहो म्हणू? नाही म्हटलं. आता तुझ्या फोटोला हार घातलाय आणि ज्यांनी तुला जन्मात कधी राव म्हटलं नाही ते गणपतराव, गणपतराव करतायत. मी आजही करणार नाही.

लोकांना वाटायचं, मेव्हण्या-मेव्हण्यांचा वाद म्हणजे जमिनीचा असेल, नाहीतर दागिन्यांचा. तो होता पॅकिंगचा. इंजिनाचं खालचं धूड आणि वरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्या मधे तांब्याचं पातळ पॅकिंग बसतं. आत आग, पाणी आणि तेल. त्यातलं एकही दुसऱ्याच्या घरात शिरता कामा नये. मी म्हणायचो, पॅकिंगला दोन्ही अंगांनी लाखेचा पातळ हात द्यायचा, मगच बसवायचं. तू म्हणायचास, कोरडं बसवायचं. "तोंडाला तोंड नीट बसलं तर मधे चिकट कशाला पाहिजे? आणि बसत नसेल तर चिकटवून काय होणार?" हे तू असं काही म्हणायचास, जसं काही संसाराबद्दल बोलतोयस.

तुझा बाप सुतार. कोकणात देवळाची दारं करायचा. दोन फळ्यांमधून उजेड दिसला तर तुझ्या थोबाडीत बसायची, हे तूच सांगितलेलंस. माझा बाप मिठागरातला. खाडीचं पाणी आत घ्यायचं ते आपल्या मर्जीने, आणि थांबवायचं तेही आपल्या मर्जीने. बांधाला बारीक भोक पडलं की सगळ्या हंगामाचं मीठ गेलं. म्हणून तो मला बांधावर बसवायचा, चिखलात हात घालायला लावायचा आणि म्हणायचा, "पानी कुठशी घुसतं ते डोल्याला नाय कलत रं, हाताला कलतं." लिंपणं आमच्या हातात आहे, गणपत. जगात सरळ असं काही नसतं. लोखंडसुद्धा तापलं की वाकतं. वाकलेल्या जगात पाणी अडवायचं तर लिंपावंच लागतं. तुला हे कधी पटलं नाही, कारण तुझ्या बापाने तुला फक्त दारं दाखवली.

ठाण्याला टेंभी नाक्यावर आपण दोघांनी गॅरेज टाकलं तेव्हा लढाई नुकतीच संपलेली. कल्याणच्या छावणीतून डिस्पोजलच्या, म्हणजे लष्कराने विकायला काढलेल्या, लॉऱ्या निघायच्या, सुटे भाग कुठेच नाहीत. जुनं तांब्याचं पॅकिंग भट्टीत लाल करायचं, पाण्यात टाकायचं, की मऊ पडून पुन्हा कामाला यायचं. ते लाल करायचं काम तुझं. रंग बघून तू असा काही नेमका चिमट्याने उचलायचास की मी बघत राहायचो. हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगितलं म्हणून चढून जाऊ नकोस.

मग तो धान्याच्या व्यापाऱ्याच्या लॉरीचा दिवस आला. इंजिन आपणच बांधलेलं, आणि ते भिवंडीच्या रस्त्यावर धरलं. पुरतं जाम. उघडलं तर तेलाच्या वाटेत लाखेचा एक तुकडा सापडला. तू तो नखावर घेतलास आणि व्यापाऱ्यासमोर, त्याच्या मुनिमासमोर, मला म्हणालास, "बघ. ही तुझी लाख. हिनं इंजिनाचा गळा आवळला."

मी म्हटलं, "तेल काळ्या बाजारातलं होतं. त्याचं डांबर झालंय, ते बघ आधी."

"तेलाला डांबर व्हायला तेल फिरायला पाहिजे ना, मेव्हण्या!"

व्यापारी हसला. तू हसलास. मी आजही म्हणतो, ते तेलच होतं. आणि तुकडा माझ्या लाखेचा होता कशावरून? इंजिन छावणीतलं, त्यात काय माझी एकट्याची लाख होती? त्या महिन्यातच तू तुझी हत्यारं पेटीत भरलीस आणि डोंबिवलीला जाऊन स्टेशनच्या पलीकडे पत्र्याची शेड टाकलीस. माझी बहीणही बरोबर घेऊन गेलास. ती तुझी बायको होती हे मला मान्य आहे. पण टेंभी नाक्यावर रोज दुपारी तिच्या हातचा डबा यायचा, तो बंद झाला, त्याचं काय?

लोकांना वाटलं, आता बोलणं तुटेल. कसलं तुटतंय. प्रत्येक बारशाला, प्रत्येक लग्नात, जेवणाची पंगत बसली की तू माझ्या शेजारचं पान पकडायचास आणि वरणाची वाटी उचलून म्हणायचास, "मिस्त्री, हिला खाली लाख लावून बसवू का? पानावर हलतेय." सगळी पंगत हसायची. मी जिलबी जास्त घ्यायचो. रागात मला गोड लागतं, हे तुला माहीत होतं, आणि तूच वाढप्याला हाक मारायचास.

दारूबंदी आली तेव्हाची गोष्ट मात्र मी विसरलेलो नाही. लाख स्पिरिटात विरघळवावी लागते. हवालदाराला गॅरेजमधे त्या बाटलीचा वास लागला. त्याने बूच काढून नाक आत घातलं.

"यात काय?"

"लाख."

"वास दारूचा येतो."

"लाखेला लागतं ते."

"कोण पितो?"

मी तोंड उघडलं असतं तर आत गेलो असतो, कारण मला राग आला की मी कुणाशीही भांडतो. तू त्या दिवशी डोंबिवलीहून नट आवळायचे पाने मागायला आला होतास. दारातच उभा राहून म्हणालास, "साहेब, हा माणूस चहासुद्धा फुंकून पितो. हा इंजिनाला पाजतो. ते झिंगतं आणि भिवंडीच्या रस्त्यात पडतं." हवालदार इतका हसला की बूच त्यानेच लावून दिलं. तू मला वाचवलंस, आणि वाचवतानासुद्धा टोमणा मारलास. त्या उपकाराबद्दल मी तुला धन्यवाद म्हणणार होतो. टोमण्यामुळे राहून गेलं.

आणि कसारा. कसारा घाट मी तुला विसरू देणार नाही.

तुझी लॉरी, तुझा ड्रायव्हर इब्राहिम, आणि मी नाशिकला काम होतं म्हणून वर चढलेलो. अर्ध्या घाटात धुराच्या नळाचं पॅकिंग उडालं. ते तू बसवलेलं, कोरडं. असा आवाज सुरू झाला की माकडं झाडावरून पळाली. धूर केबिनमधे. इब्राहिमचे डोळे लाल, तुला ओकारी आलेली. तू खाली उतरून नळाकडे बघत उभा राहिलास. जवळ दुसरं पॅकिंग नाही, पत्रा नाही, काही नाही.

मी घाटातल्या म्हातारीच्या चहाच्या खोपटात गेलो. तिच्याकडून चुलीची राख घेतली, मूठभर मीठ घेतलं, ओहोळाच्या कडेची चिकण माती घेतली. तिन्ही एकत्र मळलं, जुन्या गोणपाटाचा धागा त्यात घोळवला आणि जोडावर लिंपला. माझा बाप बांधाला लिंपायचा तसा, अंगठ्याने दाबत. मग इंजिन चालू करून मंद ठेवलं, लेप तापून दगड होईपर्यंत. म्हातारी म्हणाली, "माझ्या चुलीसारखंच केलंस की रे." नाशिकपर्यंत गेलो. नाशिकहून परत आलो. एक फुसका आवाज आला नाही.

तू काय म्हणालास? "नशीब."

घरी पोचल्यावर गोदीने विचारलं तर तिला म्हणालास, "तुझ्या भावाने लॉरीला चूल केलीय. उद्या खरवडून टाकतो." आणि त्यानंतर प्रत्येक पंगतीत लाखेच्या जोडीला चिखल आला. "मिस्त्रींना मातीची हंडी द्या रे, ती ते इंजिनाला लावतील."

गेल्या होळीला तू शेवटचा ठाण्याला आलेलास. दम लागत होता, तो तू लपवत होतास. जाताना दारात थांबून म्हणालास, "लॉरीचं हेड काढलंय. या वेळेला असं तोंड घासतो की बघत राहशील. आणि एक सांगून ठेवतो, माझ्या इंजिनाला तुझी लाख लागायची नाही. मी मेलो तरी नाही. लावलीस तर हेड उघडून बघायला येईन."

मी म्हटलं, "ये. चहा ठेवतो."

हे आपलं शेवटचं बोलणं. दुसरं काहीतरी असायला हवं होतं असं सगळे म्हणतात. मला नाही वाटत.

तू गेलास तेव्हा लॉरी शेडमधे तशीच उघडी होती. सुतकाचे दिवस चालू असतानाच तुझा चुलतभाऊ वसंत कल्याणहून आला. माणूस वाईट नाही, पण त्याला सगळं लवकर आवरायची घाई. ओटीवर बसून म्हणाला, "उघडं इंजिन म्हणजे भंगार. माझ्याकडे घेणारा आहे. तेराव्याला घेऊन येतो. वहिनी काय लॉरी चालवणार आहे?"

गोदी आतून बाहेर आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो.

"वसंतभाऊजी, लॉरी इब्राहिम चालवतो. हे पण चालवत नव्हते. हे सांभाळायचे. ते मी करीन."

"अहो, पण ती चालू तरी आहे का?"

गोदी माझ्याकडे वळली. "दादा, तेराव्याच्या आत इंजिन जोडून दे. ते चालू असलं तर कुणी भंगार म्हणणार नाही."

एवढंच. तिने रडून मागितलं असतं तर मी हो म्हणून वेळ लावला असता. तिने कामासारखं सांगितलं. बायका कुजबुजल्या, दुःखाच्या घरी यंत्र सुरू करायचं का? मी म्हटलं, सुतक तुम्हाला, मला नाही. आणि इंजिनाला तर नाहीच.

दुसऱ्या सकाळी मी लाखेची बाटली खिशात घालून डोंबिवलीला आलो. हो, मुद्दाम. तू येणार म्हणाला होतास ना हेड उघडून बघायला? मग लावतोच, म्हटलं. बघू कसा येत नाहीस.

शेडमधे हेड पालथं ठेवलेलं, आणि त्याच्याखाली गोदीच्या लग्नातला आरसा. त्या आरशावरून तू केवढी बोलणी खाल्ली होतीस. आमच्या बापाने मिठाच्या होडीतून, गोणपाटात गुंडाळून आणलेला जाड काचेचा आरसा. तू त्याची चौकट काढलीस, पाठीचा पारा खरवडलास, आणि काच शेडमधे नेलीस. "एवढी सपाट वस्तू अख्ख्या डोंबिवलीत नाही," म्हणालास. गोदी महिनाभर तुझ्याशी बोलली नव्हती, आणि पाण्याच्या पिंपात बघून केस विंचरायची.

काचेवर तू तेलात कालवलेला शेंदूर पातळ फासायचास आणि हेड त्यावर टेकवायचास. जिथे उंचवटा तिथे शेंदूर लागतो. तेवढंच खरवडायचं, पुन्हा टेकवायचं. सगळ्या तोंडाला सारखा शेंदूर लागला की तोंड सरळ झालं. मी हेड उचलून उलटं केलं. एकही जागा कोरी नव्हती, गणपत. एकही नाही. छातीत दम नसताना हे तू कधी केलंस?

मी तिथे लाकडी ठोकळ्यावर बसलो. किती वेळ बसलो ते सांगणार नाही.

मग काच पुसायला फडकं शोधायला लागलो. मागून गोदी म्हणाली, "ती पुसू नकोस. राहू दे लाल." मी नाही पुसली.

फडकं शोधताना फळीखाली एक करवंटी सापडली. वर ओलं गोणपाट. उचलून बघितलं तर आत मळलेली काळी माती. बोटाने चाचपली. राख. जिभेला लावली. मीठ.

"गोदे, हे काय?"

"काय म्हणजे? तुझंच. धुराच्या नळाला लावायचं."

"माझं?"

"खाडीची माती, राख आणि मीठ. मीच मळून देते. कसाऱ्याहून आलात ना, त्यांनी दुसऱ्या दिवशी ते खरवडायला घेतलं, ते खरवडेना. मग मला म्हणाले, असंच मळता येईल का? तेव्हापासून धुराचा नळ खोलला की हेच."

"आणि मला पंगतीत चिखल, चिखल म्हणायचा तो?"

"सांगू नकोस म्हणाले होते. म्हणाले, दादाला कळलं तर तो ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत ताशा लावून येईल."

आलोच असतो.

"पण हे ओलं कसं? तो जाऊन इतके दिवस झाले."

गोदी म्हणाली, "मी रोज पाणी मारते. सुकलं तर काय उपयोग?"

लोक म्हणतील, तेव्हा माझे डोळे भरून आले असतील. मला राग आला. असा राग की हातातला पाना भिरकावला आणि तो पत्र्याला लागून शेजारची कोंबडी ओरडत पळाली. इतकी वर्षं मी जिंकलेलो होतो आणि मला पत्ता नाही! तू रोज माझ्यापुढे हरत होतास आणि वरून मलाच हसत होतास. हरायचं तर माणसाने समोर बसून हरावं. पान शेजारी मांडून, वरणाची वाटी हातात घेऊन. असं करवंटीत लपवून, बायकोला शपथ घालून, मरून जाऊन हरणं याला मी हरणं म्हणत नाही. याला पळून जाणं म्हणतात.

मी खिशातून लाखेची बाटली काढली. बूच उघडलं. ब्रश बुडवला. तुझं शेंदरी तोंडाचं हेड समोर होतं.

आणि बूच लावून बाटली परत खिशात ठेवली.

ऐक, गैरसमज करून घेऊ नकोस. मी तुझं पॅकिंग कोरडंच बसवलं, ते तुझं पटलं म्हणून नाही. तू गेलास म्हणून दया दाखवली असंही नाही. लाख लावली असती आणि ते टिकलं असतं, तर तू वरून म्हणाला असतास, माझ्या घासण्याने टिकलं. फुटलं असतं तर म्हणाला असतास, लाखेने फुटलं. मी तुला ओळखतो. म्हणून तांबं लाल केलं, तुझ्यासारखं रंग बघून, पाण्यात टाकलं, आणि कोरडं बसवलं. आता जे होईल ते तुझं एकट्याचं. टिकलं तर तुझं, फुटलं तर तुझं. माझ्या नावावर काही ढकलायला जागा ठेवलेली नाही.

धुराच्या नळाला मात्र करवंटीतली माती लावली. आणि ती तुझ्यासारखी बारीक, आतून लपवून नाही. चांगली जाड, बाहेरून दिसेल अशी. वर अंगठ्याचे ठसे. येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारावं, हे काय, आणि इब्राहिमने सांगावं, मिस्त्रींचं.

तेराव्याला जेवणं उरकली आणि वसंत घेणाऱ्याला घेऊन शेडपाशी आला. इब्राहिमने हँडल मारलं. पहिल्याने नाही, दुसऱ्याने नाही. वसंतने घेणाऱ्याकडे बघितलं. मी वसंतकडे बघितलं, आणि इब्राहिम बिस्मिल्ला म्हणून वाकला. इंजिन उठलं. काय आवाज होता, गणपत. सारखा, भरलेला, कुठे फुसकारा नाही. ओटीवरच्या बायका उठून शेडच्या दारात आल्या. मातीच्या लेपावरून आधी वाफ निघाली, मग तीही थांबली.

इंजिन पुरतं तापू दिलं आणि बंद केलं. तापल्यावर हेडचे नट पुन्हा एकदा आवळावे लागतात, हे एक असं आहे ज्यावर तुझा-माझा वाद नव्हता. मी पाना घेऊन पुढे झालो, तर गोदीने हात पुढे केला.

"इकडे दे."

वसंत म्हणाला, "वहिनी, अहो, आजच्या दिवशी? लोक काय म्हणतील?"

"लोकांना हेड आवळता येतं का?"

तिने पदर खोचला आणि मधल्या नटापासून सुरुवात केली. मग समोरचा, मग त्याच्या तिरका. मधून बाहेर, बरोबर क्रमाने. तिला कुणी शिकवलं? कुणी नाही. तिने फक्त आपल्या दोघांचं भांडण ऐकलं, ताटं वाढता वाढता, इतकी वर्षं. त्या हातांना बांगड्यांचा आवाज नव्हता. पान्याचा होता.

शेवटचा नट झाला. मी म्हटलं, "अजून थोडा आवळ."

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही दोघंही जास्त आवळता. म्हणून पॅकिंग चिरडतं. त्यात लाखेचाही दोष नाही आणि कोरड्याचाही नाही. किती वर्षं सांगीन म्हणत होते, पण तुम्ही मधे बोलू कुठे देत होतात?"

इब्राहिम तोंड फिरवून हसला. वसंतचा घेणारा माणूस चपला घालायला लागला.

लॉरी सकाळीच कसारा चढायला गेली आहे. मी हे तुझ्या शेडमधे, लाल काचेसमोर बसून लिहितोय. गोदी पलीकडे आपण दोघांनी जास्त आवळून आटे घालवलेले जुने नट तपासतेय आणि मान हलवतेय. मला तिच्याशी भांडायचंय. तिचं म्हणणं मला बिलकूल पटलेलं नाही, आणि तुलाही पटलं नसतं. या एका गोष्टीत आपण दोघं एका बाजूला असतो, गणपत. आयुष्यात पहिल्यांदा. आणि तू नाहीस.

येतो म्हणाला होतास ना हेड उघडून बघायला? मग ये. चहा ठेवलाय.